ओटीपोटाची कळ आणि घरांतील उपकरण



आजच्या भाषणाचा विषय कांहीं मंडळींना चारचौघांत बोलण्याजोगा वाटणार नाहीं. एखाद्या घरीं रेडिओचा आवाज लहान करण्यासाठीं हात पुढें झालाहि असेल. त्या हातास माझी एवढीच विनंति आहे कीं, पंधरा मिनिटें थांबावें. ज्या दुखण्याविषयीं मी बोलणार आहें तें कदाचित् त्याच घरांतील एखादी स्त्री मुकाट्यानें सोशीत असेल, आणि आवाज लहान झाला तर तिचेंच ऐकावयाचें राहून जाईल.

विषय असा: स्त्रियांच्या मूत्राशयाचें व ओटीपोटाचें जुनाट दुखणें, आणि तें हलकें करण्यासाठीं घरच्या घरीं वापरतां येणारीं लहान उपकरणें. मी वैद्य नव्हें. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करला, उभा जन्म नागपुरांत मुलांना गणित व शास्त्र शिकविण्यांत गेला, आणि आतां निवृत्त होऊन घरीं बसलों आहें. तरीहि या विषयावर बोलण्याचें धाडस करतों याचें कारण असें कीं, हें दुखणें माझ्या घरांत बारा वर्षें राहिलें आहे, आणि त्यांतील पहिलीं सात वर्षें मीं त्यास ओळखलें नाहीं. जें सांगतों तें तज्ज्ञांना विचारून, वाचून व घरांत पाहून सांगतों. आणि माझ्या कुटुंबाची अनुमति घेऊन सांगतों.

तिचें दुखणें असें होतें. मूत्राशय भरूं लागला कीं ओटीपोटांत कळ येई. लघवी झाली कीं घटकाभर बरें वाटे. अर्ध्या तासानें पुन्हां तेंच. रात्रीं सात-आठ वेळां उठावें लागे. लग्नकार्यास जाणें तिनें सोडलें. वर्ध्याला माहेरीं जावयाचें तर बसचा प्रवास कसा निभेल, ही चिंता आठ दिवस आधींपासून लागे. लघवीची तपासणी प्रत्येक वेळीं निर्दोष येई. तरी जंतुनाशक गोळ्यांचा क्रम दर वेळीं होई, आणि गुण येत नसे. एके ठिकाणीं ‘हें मनाचें आहे’ असें सांगण्यांत आलें. मला तें पटलें. तपासणींत कांहीं नाहीं तर दुखेल कसें, असा माझा हिशेब. ज्या उदाहरणाचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं दिलेल्या उत्तराशीं जुळत नाहीं तें मुलानें चुकविलें असें म्हणण्याची आम्हां मास्तरांना संवय असते. पुस्तकांतच उत्तर अपुरें छापलेलें असूं शकेल हें सुचत नाहीं.

ही एका घराची गोष्ट असती तर ती सांगण्याचें प्रयोजन नव्हतें. विदर्भांतीलच गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी केली, आणि तिचा वृत्तांत १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकीं शेंकडा ९२ जणींना स्त्रीरोगांपैकीं कोणता ना कोणता विकार आढळला. आणि त्यापूर्वीं अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शेंकडा केवळ ८ होत्या. हे दोघेहि डॉक्टर आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. आज मी ज्या विकाराविषयीं बोलत आहें तोच त्यांनीं शोधला होता असें नव्हे. त्यांना आढळलेल्या विकारांत निम्मा वांटा जंतुसंसर्गाचा होता. पण इतकी पीडा आणि इतकी थोडी चिकित्सा यांच्यामधील अंतर त्या आंकड्यांनीं जगापुढें मांडलें. शहरांतील शिकलेल्या घरांत हें अंतर उरलें नाहीं असें आपण समजतों. माझ्या घरांत तें होतें, आणि घरांत पुस्तकांचें कपाट भरलेलें होतें.

आतां दुखण्याकडे वळूं. वैद्यकांत यास मूत्राशय-वेदना-विकार असें म्हणतात. त्याचें जुनें नांव इंटरस्टिशियल सिस्टायटिस. १९१५ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोरचे डॉक्टर गाय हनर यांनीं मूत्राशयाच्या आंतील एका विशिष्ट व्रणाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या व्रणास आजहि त्यांचें नांव आहे. परंतु पुष्कळ रुग्णांत असा व्रण मुळींच दिसत नाहीं. मूत्राशयाशीं निगडित अशी वेदना, दाब किंवा अस्वस्थता सहा आठवड्यांहून अधिक काळ राहिली, सोबत वारंवार लघवीस जावेंसें वाटूं लागलें, आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरें उघड कारण सांपडलें नाहीं, म्हणजे हें निदान करतात.

‘दुसरें कारण सांपडलें नाहीं’ हे शब्द नीट लक्षांत ठेवावे. आपल्या देशांत मूत्रमार्गाचा क्षय अद्याप आढळतो, आणि लघवीच्या नेहमींच्या तपासणींत त्याचे जंतु दिसत नाहींत. मुतखडा, मूत्राशयांतील गांठ, गर्भाशयाच्या अस्तरासारखें अस्तर भलत्या जागीं वाढण्याचा एन्डोमेट्रिओसिस हा विकार, यांचीं लक्षणेंहि अशींच भासतात. म्हणून लघवींतून रक्त जाणें, ताप येणें, वजन घटणें, लघवी अडणें यांपैकीं कांहीं असेल तर उपकरणाचा विचार बाजूला ठेवून प्रथम डॉक्टरांकडे जावें. तपासणी आधीं, यंत्र मागाहून. हा क्रम मोडूं नये.

मग कारण नसतांना दुखतें कां? कारण असतें, तें लघवींत दिसत नाहीं इतकेंच. कांहीं रुग्णांत मूत्राशयाच्या आंतील अस्तराचें संरक्षण उणें पडतें, आणि लघवींतील क्षार खालच्या मज्जातंतूंना डिवचतात, असें मानतात. दुसरें असें कीं, दीर्घकाळ वेदना वाहून नेतां नेतां मज्जातंतु व मज्जारज्जु इतके हळवे होतात कीं, मूत्राशय थोडासा भरला तरी त्याची खबर मेंदूकडे आरोळीसारखी जाते. तिसरें कारण स्नायूंचें. पुढील जघनास्थीपासून मागील माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक पट झोळीसारखा पसरलेला असतो. मूत्राशय व गर्भाशय यांना तो खालून आधार देतो. वेदनेच्या भयानें हे स्नायु नकळत आवळलेले राहतात. मूठ दिवसभर आवळून ठेवली तर हात जसा ठणकूं लागतो, तसे हे स्नायूहि ठणकतात; आणि त्या ठणक्यानें आणखी आवळले जातात. हें चक्र कोठें तरी तोडावें लागतें. घरगुती उपकरणांचें काम एवढेंच कीं, तें तोडण्यास मदत करणें.

अंगठ्याला ठेंच लागली म्हणजे आपण तो चोळतों, आणि चोळल्यानें बरें वाटतें. असें कां, याचें उत्तर १९६५ सालीं रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनीं सुचविलें. स्पर्शाची वार्ता जाड मज्जातंतूंतून जाते, वेदनेची बारीक तंतूंतून; आणि मज्जारज्जूंत जणूं एक दार असतें. स्पर्शाची वार्ता मोठ्या संख्येनें आली कीं तें दार वेदनेपुढें लोटलें जातें. या सिद्धांताच्या तपशिलांत पुढें फेरफार झाले, पण मूळ कल्पना टिकली. त्याच्या कितीतरी आधीं, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा लावण्यास सांगत असे. आज मासा नको. खिशांत मावणारी पेटी पुरते.

या पेटीस टेन्स असें म्हणतात. आंत लहान बॅटरी. बाहेर दोन किंवा चार तारा. तारांच्या टोकांस त्वचेवर चिकटणाऱ्या मऊ चकत्या. भिंतींतल्या विजेशीं तिचा संबंध नाहीं. प्रवाह ॲम्पिअरच्या हजाराव्या भागांत मोजावा इतका सौम्य असतो. तिच्यावर सामान्यतः तीन गोष्टी ठरवितां येतात: प्रवाहाचा जोर, सेकंदास किती ठोके, आणि प्रत्येक ठोका किती काळ टिकावा. वेदनेसाठीं बहुधा सेकंदास ८० ते १०० ठोके ठेवून मुंग्या आल्यासारखी संवेदना होईल एवढाच जोर ठेवतात. चकत्या ओटीपोटावर, जघनास्थीच्या किंचित् वर, दोन्ही बाजूंस लावतात. कांहीं वेळां त्या पाठीच्या खालच्या भागीं, माकडहाडाच्या वर लावतात. वेळ अर्धा तास किंवा त्याहून थोडा अधिक.

दुसरी जागा ऐकून आपणांस नवल वाटेल. ती आहे पायाच्या घोट्याजवळ. आंतल्या घोट्यामागून टिबिअल नांवाचा मज्जातंतु तळपायांत उतरतो. त्याचीं मुळें कमरेच्या खालच्या व त्रिकास्थीच्या भागांतून निघतात, आणि मूत्राशयाचे मज्जातंतूहि त्रिकास्थीच्याच मुळांतून येतात. नागपूर स्टेशनापाशीं दिल्ली–चेन्नई व मुंबई–हावडा हे दोन मार्ग एकमेकांना छेदतात; एका मार्गावरील सिग्नलाचा परिणाम दुसऱ्या मार्गावरील गाडीवर होतो, हें आपण जाणतों. तसेंच हें समजावें. घोट्याजवळ दिलेले सौम्य ठोके मज्जारज्जूंत पोहोंचून मूत्राशयाची गडबड शांत करूं शकतात. रुग्णालयांत हा उपचार बारीक सुई वापरून, आठवड्यास एकदां अर्धा तास, असा बारा आठवडे करतात. घरीं सुई नसते. एक चकती आंतल्या घोट्याच्या किंचित् मागें व वर, दुसरी त्याच रेषेंत सुमारें १० सेंटिमीटर वर लावतात, व सेकंदास १० ते २० ठोके ठेवतात. तळव्यांत मुंग्या आल्या किंवा अंगठा किंचित् हलला म्हणजे जागा बरोबर.

आमच्या घरीं ही पेटी कशी आली तें सांगतों. सातव्या वर्षीं एका डॉक्टरीणबाईंनीं अर्धा तास न टोकतां सर्व ऐकून घेतलें, राहिलेल्या तपासण्या करविल्या, दुर्बिणीनें मूत्राशय पाहविला, आणि दुखण्यास नांव दिलें. नांव ऐकून माझें कुटुंब रडलें. मला वाटलें, रोग मोठा म्हणून रडत असावी. ती म्हणाली, “नाहीं हो, कोणी तरी खरें मानलें म्हणून.”

पुढें एका फिजिओथेरपिस्टबाईंनीं तिला पेटी वापरण्यास शिकविलें. पण घरीं आल्यावर पेटीचा ताबा मीं घेतला. यंत्र म्हटलें कीं तें पुरुषाचें काम, ही आमची समजूत. चकत्या मीं लावल्या, कळ मीं फिरविली, आणि अधिक प्रवाह म्हणजे अधिक गुण अशा त्रैराशिकानें तिसऱ्या दिवशीं तो बराच पुढें नेला. तिच्या पोटांत पेटका आला, त्वचा लाल झाली, आणि पुढचे दोन दिवस दुखणें वाढलें. त्यानंतर तिनें शांतपणें म्हटलें, “अहो, पोटांतली कळ माझी आहे, यंत्राची कळहि माझ्याच हातीं असूं द्या.” इतक्या वर्षांच्या मास्तरकींत मला इतका नेमका धडा कोणी दिला नव्हता.

त्या धड्यांतच या उपचाराचा पहिला नियम आहे. प्रवाह किती असावा हें जिच्या अंगास तो लागतो तिलाच कळतें. गोड मुंग्या याव्या. दुखूं नये, चटका बसूं नये. जोर शून्यावर असतांनाच चकत्या लावाव्या व काढाव्या. त्वचा स्वच्छ व कोरडी असावी. चकत्या जुन्या होऊन कडेनें सुटूं लागल्या तर बदलाव्या, नाहीं तर प्रवाह एका ठिकाणीं एकवटून चटका बसतो.

कांहींनीं ही पेटी वापरूंच नये, किंवा डॉक्टरांनीं स्पष्ट अनुमति दिल्यावांचून वापरूं नये. हृदयांत पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसविलेलें आहे, गर्भ आहे, अपस्मार आहे, त्या भागीं कर्करोग आहे, पायांत नुकतीच रक्ताची गुठळी झाली आहे, त्वचेवर जखम आहे किंवा तेथें स्पर्श कळत नाहीं, त्यांनीं दूर राहावें. छातीवर व गळ्याच्या पुढील बाजूस चकत्या कधींहि लावूं नयेत. झोपेंत किंवा स्नानाच्या वेळीं पेटी चालूं ठेवूं नये. शरीराच्या आंत वापरावयाचीं कांहीं उपकरणेंहि बाजारांत मिळतात. तीं तज्ज्ञ फिजिओथेरपिस्टबाईंनीं स्वतः शिकविल्याशिवाय घेऊंच नयेत.

आतां गुण किती येतो हें प्रांजळपणें सांगावयास हवें. स्वीडनमध्यें माग्नुस फॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या विकारावर टेन्सचा उपयोग करून १९९४ सालीं साठ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हनरचा व्रण असलेल्यांपैकीं सुमारें निम्म्यांना चांगला गुण आला. व्रण नसलेल्यांपैकीं सुमारें चौथा हिश्श्यास. गुण येण्यास बहुधा आठवडे, कधीं महिने लागतात. घोट्याजवळच्या उपचाराचा पुरावा वारंवार व घाईनें लघवी लागण्याच्या तक्रारीसाठीं अधिक आहे, वेदनेसाठीं कमी. यास्तव ‘रोग समूळ नाहींसा होईल’ अशी हमी देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवूं नये. बारा आठवडे नेमानें वापरून गुण नसेल तर पेटी खुशाल बाजूला ठेवावी. त्यांत रुग्णाचा कांहीं दोष नाहीं.

सर्वांत जुनें घरगुती उपकरण मात्र प्रत्येक घरीं आहे: कढत पाण्याची रबरी पिशवी. आपल्या आज्या वीट तापवून फडक्यांत गुंडाळीत, किंवा वाळूची पुरचुंडी करीत. ऊष्णतेनें आवळलेले स्नायु सैल होतात. पिशवी टॉवेलांत गुंडाळून पंधरा-वीस मिनिटें शेकावें. उकळतें पाणी भरूं नये, आणि पिशवी घेऊन झोपूं नये. रोज फार कढत शेक घेतल्यास त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. तो इशारा समजून ऊष्णता कमी करावी. कोणास ऊष्णतेपेक्षां थंड पट्टीनें बरें वाटतें, तीहि चालेल.

व्यायामाविषयीं एक सावधगिरीची सूचना. १९४८ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर आर्नल्ड केगल यांनीं ओटीपोटाच्या तळाचे स्नायु आवळण्याचा व्यायाम प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर खोकतांना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांस तो उत्तम. पण वेदनेच्या विकारांत स्नायु आधींच आवळलेले असतात. त्यांना आणखी आवळणें म्हणजे ठणकणारी मूठ अधिक दाबणें. येथें शिकावयाचें तें सैल सोडणें: पाठीवर निजून, गुडघे वाकवून, पोट फुगेल असा संथ श्वास घ्यावा आणि श्वास सोडतांना खालचे स्नायु मोकळे होऊं द्यावे. हाताच्या उपचाराचें महत्त्वहि मोठें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ८१ स्त्रियांपैकीं कांहींना या स्नायूंवर विशेष फिजिओथेरपी दिली व कांहींना सर्वांगाचें मालिश; पहिल्या गटांत शेंकडा ५९ जणींना सुधारणा वाटली, दुसऱ्यांत २६ जणींना. म्हणजे पेटी ही हाताची मदतनीस. हाताची जागा ती घेत नाहीं.

खाण्यापिण्याविषयीं बोलतांना नागपूरकराची जीभ अडखळते. संत्रें, लिंबू, टोमॅटो, तिखट रस्सा, चहा, कॉफी यांनीं पुष्कळ रुग्णांची कळ वाढते. सर्वांनाच सर्व बाधतें असें नाहीं. कांहीं आठवडे हे पदार्थ बंद ठेवून मग एकेक पुन्हां घेऊन पाहावा. जो बाधेल तोच सोडावा. आमच्या घरीं चहा निभला, संत्र्यानें मात्र दगा दिला. दुसरें पाण्याचें. उन्हाळ्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाहीं म्हणून स्त्रिया पाणीच पीत नाहींत. लघवी दाट होते, आणि दाट लघवी हळव्या मूत्राशयास अधिक डिवचते. थोडें थोडें पाणी दिवसभर प्यावें.

या सर्वांचा हिशेब एका वहींत ठेवावा. किती वाजतां उठावें लागलें, कळ शून्य ते दहा यांपैकीं किती, काय खाल्लें, पेटी किती वेळ लावली. चार आठवड्यांची अशी वही डॉक्टरांपुढें ठेवली कीं, ‘हें मनाचें आहे’ असें म्हणणें कोणासहि जड जाईल. ही वही मात्र जिचें दुखणें तिनेंच लिहावी. मी लाल पेन घेऊन दुरुस्त्या करूं लागलों होतों. तें पेनहि आमच्या घरीं जप्त झालें.

पांच वर्षांनंतर आज तिचें दुखणें पूर्ण गेलेलें नाहीं. रात्रीं उठणें दोन-तीन वेळांवर आलें आहे. गोळ्या आहेत, व्यायाम आहे, आठवड्यांतून चार-पांच दिवस पेटी आहे. वाईट दिवस अजून येतात. पण गेल्या त्रिपुरी पौर्णिमेस ती बसनें रामटेकला जाऊन आली, आणि परत आल्यावर प्रवासाचें नव्हे तर देवळांतील दिव्यांचें वर्णन करीत बसली.

घरांतील पुरुषांस शेवटीं एकच सांगतों. पेटी विकत आणणें सोपें आहे. त्यापूर्वीं जें करावयाचें तें अवघड. आपल्या घरांत कोणी वारंवार उठत असेल, प्रवास टाळीत असेल, पोटाशीं उशी धरून बसत असेल, तर ‘तपासणींत तर कांहीं निघालें नाहीं’ असें म्हणूं नका. ‘किती दिवसांपासून?’ एवढें विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत बोलूं नका. तो प्रश्न विचारावयास मला सात वर्षें लागलीं. आपणांस तितकीं लागूं नयेत, एवढ्याचसाठीं आज हा संकोच सोडला.